पुतळीवरचा गुडघेवाला

शिवलकरबाईंच्या हातात नाणं दिलं की त्या ते आधी डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटायच्या, उजवा अंगठा त्यावरून सावकाश फिरवायच्या आणि सांगायच्या, "राजा दिसतोय. म्हातारा. दाढी आहे." मग चष्म्याची शोधाशोध सुरू व्हायची. तो बहुतेक वेळा केसांतच अडकवलेला असायचा. चष्मा लावल्यावर राजाला खरंच दाढी निघाली तर स्वारी खूश. नाही निघाली तर म्हणायच्या, "आज सकाळी केली असेल."

आमची दोघींची शाळा एक आणि मांडवीतली आळीही एक. त्या चित्रकलेच्या, मी गणिताची. दोन घरांच्या मधे जांभ्या दगडांचा बुटका गडगा होता, उभ्याने बोलायला सोयीचा. बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण गडग्यावर कोपर टेकून बोलताना ते जाणवायचं नाही. परीक्षा जवळ आली की मी त्यांचा तास मागून घ्यायची. सगळेच गणितवाले घेतात. दुसरी कोणी असती तर तोंड वाकडं केलं असतं. बाई खुशाल तास द्यायच्या, शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि माझं पहिलं समीकरण सुटायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. मुली तोंडावर हात धरून हसायच्या. घंटा झाली की बाई उठायच्या त्या इतक्या टवटवीत, की तासभर फळ्याशी झगडून आपणच काहीतरी चुकवलं असं मला वाटायचं.

कारण बाईंना स्वप्नं पडायची. आपल्याला पडतात तसली, गाडी चुकली, पेपर कोरा राहिला, अशी नव्हेत. त्यांच्या स्वप्नात नाण्यांवरची माणसं यायची. शिक्षक-खोलीत चहा पिता पिता त्या सहज सांगायच्या, "आज घोडेवाला आला होता गो. घोडा बांधायला जागा मागत होता. मी म्हटलं, बांध बंदरावर, पण भरतीची वेळ बघून." मला स्वप्नंच पडत नाहीत. पडत असतील तर सकाळी त्यांचा हिशेब लागत नाही. त्यामुळे मी बिस्किट चहात बुडवत विचारायची, "मग बांधला का?" बाई गंभीरपणे सांगायच्या, "बांधला. पण निघाला तेव्हा घोडा विसरून गेला."

हा घोडेवाला म्हणजे गिनीवरचा. बाईंचे वडील बोटीवर होते. आमच्याकडे 'बोटीवर होते' एवढं सांगितलं की पुरतं; कुठल्या बोटीवर, कुठे, हे घरच्यांनाही नीटसं ठाऊक नसतं. त्यांनी कुठल्याशा आखाती बंदरातून एक सोन्याची गिनी आणली होती आणि बाई चित्रकलेच्या परीक्षेत पास झाल्या तेव्हा त्यांच्या हातावर ठेवली होती. बाई ती तांदळाच्या डब्यात ठेवत. भात लावताना मापट्यात घोडा आला की त्याला परत आत टाकायचा, अशी त्या घरची रीत. एका बाजूला विलायतेचा राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगराशी लढणारा तिकडचा एक संत. ते चित्र कोरणारा कारागीर इंग्रज नव्हता, इटलीहून आलेला होता आणि त्याच्या डोक्यात जुने ग्रीक पुतळे होते, असं बाई सांगत. म्हणून त्याने संताला चिलखत घातलं नाही. "बघ ना," त्या गिनी माझ्या नाकाशी धरून म्हणायच्या, "डोक्याला शिरस्त्राण आहे, पायात काहीतरी आहे, खांद्यावर उपरणं आहे आणि मधे सगळा आनंद. शिवाय तलवार एवढीशी. घोड्यावरून ती खाली पोचते तरी का? अजगर मरेल कसा? हसून मेला असेल." मी मान हलवायची. गणितात मात्र ते खरं होतं. त्या तलवारीची लांबी अजगरापर्यंत पोचत नव्हती.

बाईंचा वर्गातला पहिला धडा नाण्याचाच असे. मुलींनी घरून रुपया, दोन रुपये आणायचे, वर पातळ कागद ठेवायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासायची. हळूहळू सिंह वर येतात. प्रत्येक मुलीने कधी ना कधी हे घरी केलेलं असतंच, पण बाईंच्या वर्गात ते करताना सगळ्या गप्प होत. मग बाई त्यांच्या आवडीची एक गंमत करायच्या. वेणीतून निघालेला दोऱ्याचा तुकडा कागदाखाली सरकवायच्या आणि घासायला लावायच्या. सिंहांच्या शेजारून एक नदी वाहू लागायची. "कोणी काढली ही?" त्या विचारायच्या. "कोणी नाही, बाई," मुली म्हणायच्या. "बरोबर. जे खाली असतं ते वर उमटतं. आपण फक्त घासायचं."

या बाबतीत त्या भलत्याच कडक होत्या. पालीहून एसटीने येणारी एक मुलगी होती. हात चांगला होता तिचा. तिने एकदा जुन्या पैशाचा ठसा घेतला आणि राजाचा डोळा झिजलेला होता म्हणून पेन्सिलीने एक छानसा डोळा काढून दिला. बाईंनी तो कागद घेतला नाही. एरवी कुणावर आवाज न चढवणारी ही बाई त्या मुलीला म्हणाली, "झिजलंय ते झिजलेलं दिसू दे. तू तिथे आपल्या मनची रेघ कशी घालतेस?" पोरगी रडायला लागली. मग मधल्या सुट्टीत बाईच तिला घेऊन जेटीवर गेल्या, कोरा कागद दिला आणि सांगितलं, "आता मनातलं काढ. हवे तेवढे डोळे काढ. इथे कोणी विचारणार नाही." दोघी उन्हं कलेपर्यंत तिथेच बसल्या होत्या, आणि पालीची गाडी चुकली म्हणून तिला पोचवायला बाईच गेल्या.

पण बाईंचं खरं माणूस घोडेवाला नव्हे. तो होता गुडघेवाला.

त्यांच्या देवघरात टाकांच्या शेजारी, चांदीच्या छोट्या ताटलीत एक सोन्याची पुतळी होती, नाण्यासारखी. पुतळ्यांची माळ सगळ्यांना माहीत असते. ही मात्र सुटी, पातळ, कडेने थोडी चिरलेली. ती कुठून आली ते कोणी सांगू शकत नव्हतं. तिच्या एका बाजूला दोन माणसं: एक उभं, एक त्याच्यापुढे गुडघ्यावर, आणि दोघांच्या मधे उभी काठी. शिवलकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे राम आणि मारुती होते. काठी म्हणजे गदा. घरचे पुरुष दर्यावर जाणारे, तेव्हा मारुतीवाचून भागणार कसं? दर शनिवारी पुतळीला तेल, शेंदराचं बोट आणि रुईचं एक पान. नवरात्रात पुतळी उलटी करायची. मागच्या बाजूला लंबगोल प्रभावळीत एक उभी आकृती होती, भोवती तारे. ती देवी. नऊ दिवस देवीचे, मग दसऱ्याला पुन्हा मारुती वर. रोजच्या स्नानाने आणि रिठ्याच्या पाण्याने सगळी मंडळी इतकी झिजली होती की तोंडं उरली नव्हती, नुसते बाक उरले होते.

ही मंडळी खरी कोण, ते बाईंना फार पूर्वी कळलं होतं. तरुणपणी चित्रकलेच्या परीक्षेसाठी मुंबईला गेल्या असताना त्या एका संग्रहालयात शिरल्या आणि काचेच्या कपाटात त्यांना आपला मारुती दिसला. तसाच गुडघ्यावर. खाली चिठ्ठी होती, व्हेनिसचं नाणं. उभा आहे तो त्या गावाचा रक्षक संत, गुडघ्यावर बसलाय तो तिथला प्रमुख, संत त्याच्या हाती निशाण देतोय. मागे येशू. बाई घरी आल्या तेव्हा आई देवघरात तेलाची वाटी घेऊन बसलेली. मुंबईत काय बघितलंस, तिने विचारलं. बाई म्हणाल्या, काचेच्या कपाटात आपला मारुती बघितला. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग तिथे तेल कोण घालतो गो त्याला?"

बाईंनी हे मला कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी त्या वाक्यापाशी आल्या की थांबायच्या. त्यापुढे आईला काही सांगणं झालंच नाही. पुढे आई गेली, भाऊ गेला. देवघर त्याच घरात राहणाऱ्या भावजयीकडे, सुमनवहिनींकडे आलं. त्यांनाही बाईंनी सांगितलं नाही. मी एकदा गडग्यावरून टोचून विचारलं होतं की, मुलींना एक रेघ जास्त घालू देत नाही आणि घरात एवढं मोठं चालू देता? बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे काही घातलंय? मी फक्त काढलं नाही."

एकदा शाळेची सहल अंजनवेलला गेली होती, गोपाळगडावर. मुलींना किल्ल्यापेक्षा वीज कारखान्याच्या चिमण्या बघण्यात रस. बाई तटाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. खाली वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळत होती आणि पलीकडे दाभोळ उन्हात धुरकट झालं होतं. मला वाटलं, झोपल्या. पण त्या बोलत होत्या. कोणाशी ते कळायला मला जरा वेळ लागला, माझ्याशीच. म्हणाल्या, तिकडून आला असेल हा गुडघेवाला, या तोंडातून आत. मिरी आणि कापड न्यायला गलबतं यायची आणि बदल्यात हे सोनं टाकायची. "त्या व्हेनिसवाल्यांनी शेकडो वर्षं हे चित्र बदललं नाही बघ. माणसं मरायची, नावं बदलायची, पण गुडघ्यावर बसलेला तसाच. का? तर लांबच्या बंदरातल्या माणसाला त्यांची अक्षरं कुठे येतात वाचायला? चित्र ओळखीचं निघालं की तो सोनं खरं मानायचा. मग इकडचे सोनारही तस्संच पाडायला लागले. अक्षरांच्या झाल्या नुसत्या रेघा. दक्षिणेकडे लोकांना वाटलं, हा माडावर चढणारा माणूस आहे आणि काठी म्हणजे माड. ज्याला जे रोज दिसतं ते तिथे दिसलं."

"आणि तुमच्याकडे मारुती," मी म्हटलं.

"आमच्याकडे मारुती," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. जरा वेळाने डोळे न उघडता म्हणाल्या, "काल आला होता. गुडघे दुखतात म्हणाला. एवढी वर्षं कोणीच उठ म्हणालं नाही त्याला. पण शनिवारी तेल मिळतं तेवढं बरं वाटतं म्हणाला." खाडीवरून वारा येत होता आणि मुली चिमण्या मोजत होत्या. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तो बिचारा गुडघ्यांना तेल चोळून घेताना दिसला. मी ते बाईंना कबूल केलं नाही.

आता सुमनवहिनींचं. त्यांचा मुलगा प्रसाद लोट्याला कारखान्यात कामाला. एका पावसाळ्यात त्याच्या कंपनीची बस घाटात घसरून उलटली. बातमी आली, प्रसादची काही खबर आली नाही. त्या दिवशी वहिनी देवघरासमोर बसल्या त्या उठल्याच नाहीत. पुतळी मुठीत धरून बसल्या होत्या. मी जाऊन आले, बाई शेजारी बसून होत्या, पण वहिनींना आम्ही दिसत नव्हतो. संध्याकाळी प्रसादचा फोन आला. हात मोडला होता, बाकी धडधाकट. वहिनींनी मूठ उघडली तेव्हा पुतळीची कड तळहातात रुतून वळ उठला होता. त्या दिवसापासून तो मारुती त्या घरचा राहिला नाही, तो वहिनींचा झाला. बोलताना त्या 'मारुती' म्हणतच नसत, 'आमचा तो' म्हणत.

पुढे प्रसादचं लग्न झालं. केतकी पुण्याची. मुलगी गोड, हुशार, हौशी. आल्या आल्या तिला सगळं बघायचं होतं: गडग्यावरचं शेवाळ, फणसाची साठं, देवघर. एका शनिवारी वहिनी तेलाची वाटी घेऊन बसल्या असताना तिने पुतळी बघितली, किती सुंदर म्हणाली आणि फोन धरला. हल्ली फोन धरला की तो वस्तू कुठली ते सांगतो. त्याने सांगितलं. केतकीने भाबडेपणाने सगळं मोठ्याने वाचलं: व्हेनिस, संत, गुडघ्यावरचा प्रमुख, मागे येशू. तिला वाटलं, घरात केवढी मौल्यवान गोष्ट सापडली. सासूबाई आनंदाने उडीच मारतील.

वहिनींनी तेलाची वाटी खाली ठेवली. भात केला, वाढला, स्वतः जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी गडग्याशी येऊन मला हाका मारायला लागली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आईंनी पुतळी डबीत घातलीय म्हणाली, उद्या सोनाराकडे देणार आहेत, वितळवून माझ्या कानातलं करणार आहेत. मला नकोय हो ते कानातलं.

मी गेले. वहिनी पडवीत बसल्या होत्या, समोर डबी. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. परका देव म्हणून विटाळल्या, असंही नव्हतं. मांडवीतल्या बाईने सगळ्या देवांना हात जोडलेले असतात. त्यांचं दुखणं निराळं होतं. बाई आतून आल्या तशा वहिनी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "वन्सं, मग त्या दिवशी मी हाक मारली ती कोणाला? संताला मारली असती तर ती गोष्ट वेगळी. पण मी धरून बसले त्या गुडघ्यावरच्याला. तो तर माणूसच निघाला, मेलेला कोणी राजा. मग माझी हाक पोचली कुठे? आणि पोचलीच नाय, तर उद्या परत तसा काय झाला, तर मी कोणाकडे बघू?"

केतकी भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. बाईंनी चष्मा शोधला, केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि म्हणाल्या, "द्यायची तर दे सोनाराला. घर तुझं, देवघर तुझं. पण त्याआधी मला एक ठसा घेऊ दे. एवढी वर्षं ठसे घेतले, हिचा घ्यायचा राहिला."

वडिलांच्या वेळचे हवाई टपालाचे निळे, पातळ कोरे कागद बाईंकडे शिल्लक होते. त्यातला एक त्यांनी आणला. पेन्सिल आणली. देवघरातली ताटलीही आणली. तिच्यात आदल्या दिवशीचा अबोलीचा गजरा, आमच्याकडचा वळेसर, सुकून पडला होता. बाईंनी ताटली जमिनीवर ठेवली, डबीतून पुतळी काढून पुसली, पाटावर ठेवली. वळेसर बाजूला करताना त्यांची बोटं त्यात जरा जास्त वेळ रेंगाळली. मी अगदी समोर बसले होते. अबोली आमच्याकडे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीने, सोपाने बांधतात. वाळल्यावर त्याचा केसासारखा धागा सुटतो. बाईंच्या चिमटीत तो धागा मला दिसला. मग कागद खाली आला आणि पुतळी झाकली गेली.

बाई घासायला लागल्या. इतकं सावकाश मी त्यांना कधी घासताना बघितलं नव्हतं. आधी कड आली. मग उभ्या माणसाचा खांदा, काठी, काठीच्या टोकाचा गोळा. मग गुडघे, वाकलेली पाठ. आणि त्या पाठीच्या खालून निघून, वर वळून, डोक्यामागे पोचणारी एक बारीक रेघ.

बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेतले. वहिनी पुढे सरकल्या. कागदावर ओणव्या झाल्या. बोट न लावता, हवेतच त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही शेपटी नाय, वन्सं?"

बाई म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही. जे खाली असतं ते वर उमटतं."

मग त्यांनी केतकीला जवळ बसवून घेतलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे सोनार तसलीच नाणी कशी पाडत, अक्षरांच्या रेघा कशा होत, कोणी राम घाली, कोणी सीता घाली, ते सगळं सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फोन खोटं बोलत नाही, त्या म्हणाल्या, पण तो चित्राची जात सांगतो. हा एकच नग तिकडचा की इकडचा, हे त्याला कसं कळावं? हे बोलत असतानाच त्यांनी कागद उचलला, पदराच्या टोकाने पुतळी पुसली आणि ताटलीत ठेवली. धागा पदराला चिकटून गेला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि रडून घेतलं, तेव्हा कुठे पडवीतला श्वास मोकळा झाला. संध्याकाळी त्यांनी पुतळीला तेल घातलं. शनिवार नव्हता तरी.

त्या कागदावर बाईंनी पेन्सिलीची एकही रेघ आपल्या मनची घातली नव्हती. त्यांचा नियम त्यांनी मोडला नाही. आता त्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं; मी तेव्हाच ठरवलं होतं, आणि बाईंवर माझा जीव होता तो त्या दिवसापासून दुप्पट झाला. गडग्याशी आम्ही त्या धाग्याबद्दल कधी बोललो नाही. आठवड्याने बाई एवढंच म्हणाल्या, "तो आला होता. बरं आहे म्हणाला आता."

यंदा आंब्याला मोहर आला तेव्हा बाईंच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. सकाळी गाडी आळीच्या तोंडाशी उभी राहिली. प्रसाद गाडी चालवणार होता, केतकी मागे बाईंना धरून बसणार होती. बाई दोघांच्या आधाराने पडवीतून उतरल्या. इतक्या हलक्या झाल्या होत्या. मी गाडीचं दार धरून उभी होते. तेवढ्यात वहिनी आतून धावत आल्या आणि त्यांनी पुतळी बाईंच्या हातात ठेवली. "आमचा तो," त्या म्हणाल्या. "मुठीत धरून ठेवा वन्सं. सोडू नका. पोचतो तो."

इतक्या वर्षांत बाईंना देवघरासमोर हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. त्या नुसत्या बघत असायच्या. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून बारीक हसतील, आम्हा दोघींना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी. त्या हसल्या नाहीत. गाडीत बसल्या, डोळे मिटले आणि उजवा अंगठा पुतळीवरून सावकाश फिरवायला लागल्या. आधी कड, मग काठी, मग गुडघे, मग पाठ. पाठीशी अंगठा थांबला. परत मागे गेला, परत आला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला हाताने जवळ बोलावलं. मी खिडकीत वाकले.

"आहे गो, कुंदा," बाई म्हणाल्या. "लागत्ये बोटाला."

गाडी पालीच्या रस्त्याला लागली. कोल्हापूरहून बाई आल्या नाहीत. पुतळी आली; केतकीने ती त्यांच्या मुठीतून सोडवून आणली होती आणि तिच्या कडेचा वळ बाईंच्या तळहातावर होता, असं ती मला रडत रडत सांगत होती.

वहिनींचं तेल चालू आहे. मध्यंतरी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्या गडग्यावरून आल्या आणि पुतळी माझ्या हातावर ठेवली. मी जन्मभर मुलींना सांगत आले की उत्तर आलं की पडताळा करा. पुतळी हातात होती, थंड, पातळ, तेलाने गुळगुळीत. मी ती कपाळाला लावली आणि वहिनींना परत दिली. अंगठा फिरवला नाही.